सातारा–कोरेगाव परिसराचे भूशास्त्रीय वाङ्मय आणि ग्रंथालये : एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

भारतातील भूशास्त्रीय माहितीच्या साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच कोलकात्याकडे जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली तेथे स्थापन झाली. तिचे ग्रंथालय, तिची प्रकाशने आणि तिने जमविलेले खडकांचे व जीवाश्मांचे नमुने हा या विषयाचा कणाच आहे. तथापि हाच इतिहास एखाद्या लहान प्रदेशाच्या बाजूने पाहिला, तर चित्र बरेच निराळे दिसू लागते. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका हा असा प्रदेश म्हणून निवडला आहे. (पुणे जिल्ह्यातील भीमा नदीकाठचे कोरेगाव ते हे नव्हे, नामसाधर्म्यामुळे ग्रंथालयीन सूचींतही हा घोटाळा होऊ शकतो, म्हणून हा खुलासा.) या तालुक्याच्या खडकाविषयी गेल्या सुमारे दोनशे वर्षांत जे लिहिले गेले, ते कोणी व कशासाठी लिहिले, ते कोठे जाऊन राहिले आणि ज्याला विहीर खणायची आहे त्याच्या हाती ते कितपत लागते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

कोरेगाव तालुका सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे, पर्जन्यछायेत येतो. कृष्णा आणि वसना यांच्या खोऱ्यांतील जमीन, जरंडेश्वराचा डोंगर, चंदन-वंदन ही जोडकिल्ल्यांची जोडी, नांदगिरीचा कल्याणगड हे सारे एकाच प्रकारच्या खडकाचे, म्हणजे बेसाल्टचे, आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या सुमारास भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडून पसरला आणि थरावर थर साचत गेले. या थरांपैकी काही घट्ट व काळेकभिन्न आहेत, तर काहींमधील पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली असून ते लवकर झिजतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा आढळतो. पाणी कोठे मुरेल, कोठे साठेल आणि विहीर कोठे कोरडी जाईल, हे बव्हंशी या थरांच्या क्रमावर ठरते. म्हणून येथे खडकाविषयीची माहिती ही पाण्याविषयीची माहिती आहे. पुढील विवेचन याच दृष्टीने वाचावे.

लंडनमध्ये वाचला गेलेला दख्खन

दख्खनच्या खडकांचे पहिले व्यवस्थित वर्णन करणारा लेखक म्हणून कर्नल विल्यम हेन्री साइक्स याचा उल्लेख केला जातो. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला सांख्यिकी वृत्तनिवेदक नेमले. लोकसंख्या, पिके, जमीन, हवामान, पशुपक्षी अशा सर्वच गोष्टींची नोंद करीत तो दख्खनच्या जिल्ह्यांतून हिंडला. येथील डोंगरांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेकडे आणि कठीण व मऊ थरांच्या आलटून-पालटून येण्याकडे त्याचे लक्ष गेले. 'ट्रॅप' हा शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. साइक्सचा निबंध १८३३ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८३६ साली त्या संस्थेच्या 'ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये छापला गेला.

निबंधातील डोंगर दख्खनचे, पण त्याचे वाचक लंडनचे. मुंबईत त्या काळी अशा वाङ्मयाचा संग्रह असू शकेल अशी संस्था म्हणजे १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली लिटररी सोसायटी, जी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. टाउन हॉलमधील तिचे ग्रंथालय आजही एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नावाने चालू आहे. तिच्याच जोडीला बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी होती व ती १८७३ साली या शाखेत विलीन झाली. परंतु लंडन, मद्रास, कलकत्ता आणि मुंबई येथील निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले निबंध एका ठिकाणी मिळणे तेव्हाही सोपे नव्हते.

ही अडचण ओळखून केलेले एक काम मात्र विशेष दखल घेण्याजोगे आहे. डॉ. हेन्री जॉन कार्टर हा मुंबईतील लष्करी वैद्यक सेवेतील शल्यचिकित्सक एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा कार्यवाह होता. त्याने पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरील विखुरलेले निबंध एकत्र करून, त्यांना नकाशा-चित्रांची जोड देऊन, १८५७ साली सरकारसाठी एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात तो छापला गेला. साइक्सचा निबंधही त्यात पुनर्मुद्रित झाला. म्हणजे दख्खनच्या पठारावर केलेले निरीक्षण लंडनमध्ये वाचले गेल्यापासून मुंबईत पुस्तकरूपाने उपलब्ध होईपर्यंत २४ वर्षे गेली. कार्टरची ख्याती पुढे सागरी जीवांच्या, विशेषतः स्पंजांच्या, अभ्यासक म्हणून झाली. आमच्या मते मात्र महाराष्ट्राच्या ग्रंथालय-इतिहासात त्याचे स्थान या संग्रहामुळे आहे. संशोधक अनेक असतात. इतरांचे विखुरलेले काम वाचकासाठी गोळा करून देणारा विरळा.

महसुली दप्तरातील भूशास्त्र

याच काळात खडक-मातीविषयीची दुसरी एक माहिती तयार होत होती, पण तिला कोणी भूशास्त्र म्हणत नव्हते. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणी व सारा-आकारणीच्या पद्धतीखाली आला. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून विकसित केलेली ही पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली होती. तीत जमिनीच्या रंग-पोतावरून ३ वर्ग आणि मातीच्या खोलीवरून ९ प्रती ठरविलेल्या होत्या. सर्वोत्तम जमीन १६ आण्यांची, सर्वांत हलकी २ आण्यांची. याखेरीज चुनखड, वाळूचे प्रमाण, उतार, पाण्याची उपळ असे ७ दोष मानलेले असून प्रत्येक दोषासाठी ठरावीक खूण होती, आणि एक खूण पडली की प्रत एका पायरीने उतरे.

खालचा मुरूम किती हातांवर लागतो, माती चुनखडीची आहे काय, पाणी उपळते काय, या नोंदी शेतागणिक घेतल्या गेल्या. एवढ्या बारकाईने भूपृष्ठाची पाहणी त्यानंतर क्वचितच झाली असेल. परंतु तिचा हेतू सारा ठरविणे हा असल्यामुळे ती महसूल खात्याच्या कपाटात गेली आणि भूशास्त्राच्या सूचींत तिची नोंद झाली नाही. १८८५ साली जेम्स कॅम्पबेल याच्या संपादनाखाली सातारा जिल्ह्याचा गॅझेटिअर-खंड निघाला. हा मुंबई इलाख्याच्या मालिकेतील १९ वा खंड होय. त्यात डोंगर, नद्या, जमीन आणि तालुकावार वर्णने आली. जिल्ह्यातील सामान्य शिक्षिताच्या वाचनात आलेला पहिला भूवर्णनात्मक ग्रंथ बहुधा हाच असावा. त्याची सुधारित आवृत्ती १९६३ साली महाराष्ट्र शासनाने काढली.

कोलकात्याची सूची आणि कोळसा नसलेला खडक

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा पहिला अधीक्षक टॉमस ओल्डहॅम याने आरंभापासूनच प्रकाशने आणि ग्रंथालय ही दोन अंगे एकमेकांशी बांधली. 'मेमॉयर्स' ही मालिका १८५६ पासून, जीवाश्मांवरील 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' १८६१ पासून आणि 'रेकॉर्ड्स' १८६८ पासून निघू लागली. आपली प्रकाशने परदेशी संस्थांना पाठवावयाची आणि त्यांची प्रकाशने बदली घ्यावयाची, या देवघेवीतून ग्रंथालय वाढले. 'रेकॉर्ड्स'च्या जुन्या अंकांच्या शेवटी ग्रंथालयात नव्याने आलेल्या पुस्तकांच्या याद्या छापलेल्या आढळतात. त्या नुसत्या चाळल्या तरी कोणत्या देशांशी संबंध होता याची कल्पना येते.

सूचीकार्यातही ही संस्था पुढे होती. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम याने १८८७ अखेरपर्यंतच्या भारतीय भूशास्त्रीय वाङ्मयाची सूची १८८८ साली प्रसिद्ध केली. पुढे ला टूश याची विस्तृत सूची १९१७ पासून भागशः निघाली. तिच्या दुसऱ्या भागात आर्थिक मूल्य असलेल्या खनिजांची स्थळवार टिपणे आहेत. एका विषयाचे देशव्यापी वाङ्मय इतक्या लवकर सूचिबद्ध झाल्याची उदाहरणे भारतात फार नाहीत.

या भांडारात साताऱ्याच्या वाट्याला काय आले? डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्डचा पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप आणि त्यांमधील अंतरा-ट्रॅपी थरांवरील निबंध (१८६७), मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या 'मॅन्युअल'मधील (१८७९) दख्खन ट्रॅपचे विवेचन, रॉबर्ट ब्रूस फूटचा दक्षिण मराठा मुलखावरील 'मेमॉयर' (१८७६), आणि जांभा व बॉक्साइट यांच्या निमित्ताने सिरिल फॉक्सने १९२३ साली केलेला आढावा. विस्ताराच्या मानाने ही यादी तुटपुंजी आहे. कारण उघड आहे. सर्वेक्षणाची स्थापनाच मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी झाली होती, आणि बेसाल्टमध्ये कोळसा नाही. दामोदरच्या खोऱ्यावर खंडामागून खंड निघत असताना सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर पसरलेल्या या काळ्या खडकाला काही प्रकरणे मिळाली. विहिरीचे पाणी ही तेव्हा खनिजसंपत्ती गणली जात नव्हती.

शिक्षणाच्या क्षेत्रात डी. एन. वाडिया यांचे 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' (१९१९) आणि एम. एस. कृष्णन यांचा ग्रंथ (१९४३) यांनी महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जागा घेतली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आर. बी. गुप्ते यांचे पुणे विद्यार्थी गृहाने प्रकाशित केलेले पाठ्यपुस्तक महाराष्ट्रात सर्वत्र वापरले गेले. धरणाच्या पायासाठी बेसाल्टचा विचार कसा करावा हे त्यात येथल्याच उदाहरणांनी समजावलेले असल्याने ते आजही उपयुक्त वाटते.

दुष्काळ आणि भूकंप

बेसाल्टकडे शासनाचे आणि शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते दोन आपत्तींनी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला आणि जलाशयाचा व भूकंपाचा संबंध हा जगभर अभ्यासाचा विषय बनला. त्यानंतर पाचच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. केंद्रीय भूजल मंडळ १९७० साली आकारास आले होते. १९७२ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूजल विभाग त्यात विलीन करण्यात आला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही १९७० च्या दशकाच्या आरंभीच पुण्यास उभी राहिली. तिने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून निरीक्षण-विहिरींची पातळी नियमितपणे मोजण्यास सुरुवात केली.

यातून निर्माण झालेले वाङ्मय पूर्वीच्यापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. हे ग्रंथ नव्हेत. हे वार्षिक अहवाल, क्षेत्र-हंगामाची टिपणे, पातळीची कोष्टके, जिल्हा पुस्तिका आणि नकाशे आहेत. विक्रीस नसलेले, थोड्या प्रतींत निघणारे, बऱ्याचदा बांधणीशिवाय असलेले हे साहित्य ग्रंथपालांना नेहमीच अवघड जाते. मोठे ग्रंथालय ते मिळवते तरी. तालुक्याच्या ग्रंथालयाला ते निघाल्याचेही कळत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या अ, ब, क, ड वर्गांच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला, ही मोठीच गोष्ट होय. परंतु त्यांच्या खरेदीत कथा-कादंबरी व स्पर्धा-परीक्षांची पुस्तके यांच्यापुढे भूजल अहवालाचा विचार होणे कठीणच.

वर्गीकरणाचीही एक अडचण आहे. ड्यूई दशांश पद्धतीने भारताचे भूशास्त्र ५५५.४ मध्ये जाते, भूजल ५५१.४९ मध्ये, भूकंप ५५१.२२ मध्ये, धरणे ६२७.८ मध्ये आणि गॅझेटिअर अनेक ठिकाणी ९१५.४ मध्ये. ज्या वाचकाला कोरेगावच्या एका शिवाराविषयी जाणून घ्यायचे आहे त्याला पाच कपाटे फिरावी लागतात, आणि जमीन-प्रतीची दप्तरे तर ग्रंथालयाबाहेरच. स्थळ हा घटक प्रथम धरणारी स्थानिक सूची केल्याखेरीज यावर उपाय दिसत नाही.

वाई : एक गाव, दोन संदर्भ

कोरेगावाशेजारच्या वाई या गावाचे नाव भूशास्त्रीय वाङ्मयात दोन अगदी भिन्न कारणांनी येते. १९८० च्या दशकात कॉक्स व हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या घाटातील थरांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांचा क्रम लावला (१९८५). इतर अभ्यासकांच्या कामाची त्यात भर पडून दख्खन बेसाल्टच्या वरच्या भागाला 'वाई उपसमूह' हे नाव रूढ झाले. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर हे त्याचे शैलसमूह. जगातील कोणत्याही विद्यापीठात ज्वालामुखीविषयक नियतकालिक उघडले की ही नावे भेटतात. के. व्ही. सुब्बाराव यांनी संपादिलेला 'डेक्कन फ्लड बेसाल्ट्स' हा बंगळूरच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचा संग्रह (१९८८) आणि त्याच संस्थेने काढलेला जी. जी. देशपांडे यांचा 'जिऑलॉजी ऑफ महाराष्ट्र' (१९९८) हे या विषयाचे मुख्य ग्रंथ आहेत.

गंमत अशी की भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याच डोंगरांची मांडणी थरांच्या बाह्य स्वरूपावरून केली, आणि त्यात 'सह्याद्री गट', 'दिवेघाट', 'पुरंदरगड' अशी नावे आली. महाबळेश्वर हे नाव दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे त्याची व्याख्या एक नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. तथापि एका अहवालातील 'महाबळेश्वर' दुसऱ्या अहवालातील 'महाबळेश्वर'शी ताडून पाहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला हे कोणीतरी सांगावयास हवे. ते संदर्भ-ग्रंथपालाचे काम आहे.

वाईचा दुसरा संदर्भ मराठी विश्वकोशाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे विश्वकोशाचे कार्यालय व त्याचे मोठे संदर्भ-ग्रंथालय उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाने (१९२० ते १९२७) शास्त्रीय विषयांना मराठीत जागा करून दिली होतीच, पण भूविज्ञानाच्या सर्व शाखांवर मराठीत सलग व प्रमाणभूत नोंदी विश्वकोशानेच दिल्या. त्यांपैकी अनेक क. वा. केळकर यांनी लिहिल्या आहेत. परिभाषा घडविणे हे त्यातले खरे कठीण काम. 'शैलसमूह', 'शिलारस', 'अंतरा-ट्रॅपी', 'जीवाश्म' हे शब्द आज परके वाटत नाहीत, याचे श्रेय या नोंदींना आणि शासनाच्या परिभाषा कोशांना आहे.

मात्र या परिभाषेने एक गोष्ट बाजूला राहू दिली, असे आम्हांस वाटते. विहिरी खणणाऱ्या वडारांची आणि शेतकऱ्यांची स्वतःची शब्दसंपत्ती होती व आहे : काळी माती, पांढर, चुनखड, मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांत खनिजे भरलेला, सुरुंगाशिवायही फुटणारा खडक. गेरू म्हणजे दोन थरांमधला लाल पट्टा. आणि पाषाण लागला की काम थांबवावे की सुरुंग लावावा याचा निर्णय. साइक्सने लंडनला कळविलेला थरांचा क्रम या शब्दांत आधीपासून नांदत होता. हा शब्दसंग्रह गावोगाव थोडा थोडा बदलतो. त्याचे संकलन करून शास्त्रीय संज्ञांशी जोडलेली सूची तयार करणे हे तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. भूशास्त्राचा विभाग नसला तरी मराठी, भूगोल आणि ग्रंथालय हे तीन विभाग मिळून ते करू शकतील.

पेटीतला खडक आणि शेतातला चुरा

भूशास्त्रात ग्रंथाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष नमुन्याला असते. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. सुमारे १.५ किलोमीटर खोलीची अनेक छिद्रे घेतल्यानंतर २०१७ साली गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. तेथे सुमारे १,२५० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटसदृश पायाचा खडक लागला; मध्ये गाळाचा थर आढळला नाही. या छिद्रांतून काढलेले खडकांचे दंडगोल क्रमांक आणि खोली लिहून जपलेले आहेत. साइक्स डोंगराच्या कड्याकडे पाहून जे अनुमान करीत होता त्याचा हा उभा पुरावा आता सातारा जिल्ह्यातच आहे.

ग्रंथांचीही स्थिती पालटली आहे. 'मेमॉयर्स'चे जुने खंड, कार्टरचा संग्रह, गॅझेटिअर हे आता आंतरजालावर वाचता येतात. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी'द्वारे आपले जुने साहित्य खुले केले आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे 'भूकोश' संकेतस्थळ नकाशे पुरविते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू झाले. अंतराचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. भाषेचा सुटला नाही, आणि प्रमाणाचाही नाही. जिल्ह्याच्या नकाशावर कोरेगाव तालुक्यातील एखादे शिवार बोटाच्या टोकाखाली झाकले जाते.

२०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून ३ तालुके निवडले गेले, त्यांत कोरेगाव होता, आणि प्रथम पारितोषिक याच तालुक्यातील वेळू गावाने मिळविले. श्रमदानातून झालेल्या या कामाचे कौतुक पुष्कळ झाले. त्यातून ग्रंथालयाच्या दृष्टीने पडणारा प्रश्न मात्र फारसा चर्चिला गेला नाही. समपातळी चर खणताना कोठे मुरूम लागला, कोठे मांजऱ्या, कोठे पाषाण, हे शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. वसनेच्या खोऱ्याची एवढी तपशीलवार पाहणी एरवी कोणी केली असती? ही माहिती लोकांच्या स्मरणात आहे, आणि स्मरणाला मुदत असते.

विंधनविहिरींची गोष्ट तशीच. २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ पासून अमलात आला, आणि त्यात छिद्रण-यंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे. दर उन्हाळ्यात शेताशेतांत छिद्रे घेतली जातात. यंत्र चालू असताना खडकाचा चुरा वर येतो, त्याचा रंग काळ्याचा तांबडा आणि तांबड्याचा राखी होत जातो, पाणाड्या व शेतमालक तो मुठीत घेऊन पाहतात. काम संपल्यावर उरते ते बहुधा किती फूट गेले आणि किती पैसे झाले एवढेच. महाविद्यालयाच्या वा गावाच्या वाचनालयात एक नोंदवही ठेवून गाव, गट क्रमांक, महिना, खडकाचा रंग कोणत्या फुटावर बदलला, गेरू लागला काय, पहिले पाणी कोठे आणि दुसरे कोठे, एवढे सहा रकाने मराठीत भरून घ्यावयास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. कोरड्या गेलेल्या छिद्रांचीही नोंद तीत आवर्जून असावी. शेजाऱ्याला तिचाच उपयोग अधिक.